टेराफॉर्मचा प्लॅन पुल रिक्वेस्टवर आपोआप आणताना: आधी अधिकार, मग कॉमेंट

प्रश्न थोडक्यात असा होता. सहा जणांची टीम आहे. इन्फ्रा (सर्व्हर, डेटाबेस वगैरे) टेराफॉर्ममध्ये, म्हणजे ते कोडमध्ये लिहून उभं करणाऱ्या साधनात; कोड गिटहबच्या खासगी रिपोत; स्टेट, म्हणजे काय काय उभं आहे याची टेराफॉर्मची नोंद, ॲमेझॉनच्या एसथ्री या फाइल साठवणीच्या बकेटमध्ये; आणि स्टेजिंग (चाचणीचं) व प्रॉडक्शन (खरं) दोन्ही ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये. सध्या प्रत्येक जण आपल्या लॅपटॉपवर प्लॅन (काय काय बदलेल ते आधी दाखवणारी कमांड) चालवतो, आउटपुट कॉपी करून पीआरमध्ये, म्हणजे बदल सुचवणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये, चिकटवतो आणि दुसरा कुणीतरी ते बघून मर्ज करतो, म्हणजे तो बदल मुख्य कोडमध्ये मिसळतो. हे गिटहब ॲक्शन्समधून (गिटहबवर ठरलेले जॉब आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) कसं करायचं, त्यासाठी कुठली तयार ॲक्शन चांगली, आणि पीआरवर दिसलेला प्लॅनच मर्जनंतर अप्लाय कसा करायचा, म्हणजे प्रत्यक्ष कसा लागू करायचा?

तयार ॲक्शन कुठली, हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. पीआरवर प्लॅनची कॉमेंट टाकणारा वर्कफ्लो अर्ध्या दिवसात उभा राहतो. वेळ घालवायचा तो दोन गोष्टींवर. प्लॅन चालवणाऱ्या जॉबच्या हातात नेमके कोणते अधिकार आहेत? आणि रिव्ह्यू करणाऱ्याने ज्याला होकार दिला, तेच प्रत्यक्षात घडेल याची खात्री कशाने? ही दोन उत्तरं पक्की नसतील तर आपोआप येणारा प्लॅन हाताने चिकटवलेल्या प्लॅनपेक्षा जास्त धोकादायक ठरतो, कारण मशीनने टाकलंय म्हटल्यावर लोक त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतात.

प्लॅन म्हणजे नुसतं वाचन नाही

प्लॅन काही बदलत नाही, तेव्हा तो कुठल्याही कीने चालवला तरी हरकत नाही, असं धरून चालणाऱ्या टीम मी भरपूर पाहिल्या आहेत. मग ॲडमिन अधिकारांची ॲक्सेस की रिपोच्या सिक्रेट्समध्ये जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते.

पण प्लॅन चालताना कोड चालतो. 'एक्स्टर्नल' हा डेटा सोर्स (बाहेरून माहिती वाचणारा भाग) प्लॅनच्या वेळीच स्क्रिप्ट चालवतो. प्रोव्हायडर, म्हणजे टेराफॉर्मला ॲमेझॉनसारख्या सेवेशी जोडणारा भाग, हा स्वतः एक प्रोग्रॅम आहे. पीआरमध्ये कुणी नवा प्रोव्हायडर घातला तर तो इनिटच्या (टेराफॉर्मच्या तयारीच्या कमांडच्या) वेळी डाउनलोड होतो आणि प्लॅनच्या वेळी तुमच्या रोलचे, म्हणजे जॉबला ॲमेझॉनमध्ये दिलेल्या ओळखीचे, अधिकार घेऊन चालतो. याहून सरळ वाटही आहे. पुल-रिक्वेस्ट इव्हेंटवर गिटहब वर्कफ्लोची फाइल पीआरच्याच मर्ज कमिटमधून घेतं. म्हणजे ज्याला ब्रँच पुश करता येते त्याला वर्कफ्लोही बदलता येतो, आणि प्लॅनच्या जागी हवी ती कमांड लिहिता येते. रिव्ह्यूअरने पीआर उघडेपर्यंत ती चालून गेलेली असते.

त्यामुळे पीआरच्या जॉबला जे अधिकार द्याल, ते रिपोत लिहू शकणाऱ्या प्रत्येकाला दिले आहेत असं समजूनच ठरवा. कोडओनर्समध्ये (कुठल्या फाइलला कुणाचा होकार लागतो त्या यादीत) वर्कफ्लोचं फोल्डर घालणं चांगलंच आहे, पण ते मर्ज अडवतं, पीआरवरचा रन अडवत नाही.

सिक्रेट्समध्ये ठेवलेल्या कायमच्या की काढून टाका. 2021 पासून गिटहब ॲक्शन्समधून ओआयडीसी टोकन, म्हणजे जॉबपुरतं तात्पुरतं ओळखपत्र, मिळतं. जॉबला आयडी-टोकनची राइट परवानगी द्यायची, ॲमेझॉनच्या खात्यात गिटहबला आयडेंटिटी प्रोव्हायडर म्हणून जोडायचं, आणि जॉबने थोड्या वेळापुरता रोल घ्यायचा. रोल दोन करा. एक प्लॅनचा, फक्त वाचणारा. दुसरा अप्लायचा, बदल करू शकणारा. कुणाला कुठला रोल मिळेल हे ट्रस्ट पॉलिसीत (रोल कोण घेऊ शकतो याच्या नियमांत) तपासला जाणारा 'सब' क्लेम, म्हणजे टोकनमधली एक नोंद, ठरवतो. पीआरवरून आलेल्या टोकनच्या सबमध्ये रिपोच्या नावानंतर 'पुल_रिक्वेस्ट' असतं, मेन ब्रँचवरून आलेल्यात 'रेफ्स/हेड्स/मेन', आणि जॉबला एन्व्हायर्नमेंट जोडलेलं असेल तर त्याचं नाव. अप्लायच्या रोलवर फक्त प्रॉडक्शन एन्व्हायर्नमेंटचा सब चालू द्या, आणि ते एन्व्हायर्नमेंट मेन ब्रँचपुरतं मर्यादित करा. ट्रस्ट पॉलिसीत रिपोच्या नावापुढे नुसती चांदणी (*, म्हणजे 'काहीही चालेल') टाकलेली बऱ्याच ठिकाणी दिसते. त्या चांदणीत पीआरचं टोकनही बसतं, म्हणजे दोन रोल करूनही हाती काही लागत नाही. आजच उघडून बघा.

प्लॅनच्या रोलला ॲमेझॉनची तयार 'रीडओन्लीॲक्सेस' पॉलिसी लावली की काम झालं असं वाटतं. पण तिच्यात एसथ्रीमधले ऑब्जेक्ट वाचायचेही अधिकार आहेत. तुमच्या बकेटमध्ये ग्राहकांची कागदपत्रं असतील तर ती पीआर टाकणाऱ्या कुणालाही वाचता येतील. सोबत डेटाच्या बकेटवर स्पष्ट डिनाय लावा. टेराफॉर्मला बकेटची सेटिंग्ज वाचायची असतात, आतल्या फाइल नाहीत. अपवाद एकच, स्टेटची बकेट.

आणि तिथेच खरी अडचण आहे, कारण स्टेट वाचल्याशिवाय प्लॅन होत नाही आणि स्टेटमध्ये डेटाबेसचा पासवर्ड सरळ अक्षरांत पडलेला असू शकतो. व्हेरिएबलला सेन्सिटिव्ह म्हटल्याने तो फक्त स्क्रीनवर झाकला जातो; स्टेटमध्ये, प्लॅनच्या फाइलमध्ये आणि त्या फाइलच्या जेसनमध्ये (प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या रूपात) तो जसाच्या तसा असतो. यावर पक्का उपाय म्हणजे गुपित स्टेटमध्ये जाऊच न देणं. आरडीएसचा (ॲमेझॉनच्या डेटाबेस सेवेचा) मास्टर पासवर्ड ॲमेझॉनलाच सिक्रेट्स मॅनेजरमध्ये सांभाळू द्या, त्यासाठी रिसोर्समध्ये एक सेटिंग आहे. टेराफॉर्म 1.10 पासून इफेमरल व्हॅल्यू आल्या आणि 1.11 पासून राइट-ओन्ली आर्ग्युमेंट. त्यांतून दिलेली किंमत प्लॅनमध्येही साठत नाही आणि स्टेटमध्येही नाही. ओपनटोफू (टेराफॉर्मचा मुक्त पर्याय) वापरत असाल तर 1.7 पासून स्टेट आणि प्लॅन दोन्ही एन्क्रिप्ट करता येतात. हे सगळं एका दिवसात होणार नाही. तोवर निदान स्टेजिंग आणि प्रॉडक्शनची स्टेट वेगळ्या बकेटमध्ये, वेगळ्या खात्यांत आणि वेगळ्या रोलमागे असू द्या.

लॉकबद्दल, म्हणजे एका वेळी एकानेच स्टेट बदलावी म्हणून लागणाऱ्या कुलपाबद्दल, नेहमी विचारणा होते. पीआरच्या प्लॅनला लॉक नको. लॉक घ्यायचं म्हणजे लिहिण्याचा अधिकार हवा, आणि तोच आपल्याला द्यायचा नाही. शिवाय तीन पीआर एकदम उघडले की तिघेही एकमेकांसाठी अडून बसतात. लॉक फॉल्स देऊन चालवा. कुणाचा अप्लाय चालू असताना प्लॅन झाला तर चित्र थोडं चुकीचं दिसेल, पण ते चित्रच आहे, त्यावरून काही लागू होणार नाही. अप्लायच्या जॉबला मात्र लॉक हवंच, आणि लॉकसाठी पाच-दहा मिनिटं थांबायची मुभा द्या. लॉकसाठी अजून डायनॅमोडीबीचं (ॲमेझॉनच्या एका डेटाबेसचं) टेबल वापरत असाल तर टेराफॉर्म 1.10 मध्ये एसथ्रीच्या लॉकफाइलची सोय आली आहे आणि 1.11 पासून टेबलची पद्धत मागे पडलेली म्हणून जाहीर आहे. सवडीने बदला.

हिरवी खूण खोटी ठरते ती इथे

वर्कफ्लोतली एक ओळ जवळून बघू. जवळजवळ प्रत्येक जण ती अशी लिहितो: टेराफॉर्म प्लॅन, मग पाइप (|), मग टी (tee) कमांड आणि फाइलचं नाव. हेतू साधा, आउटपुट लॉगमध्येही दिसावं आणि कॉमेंटसाठी फाइलमध्येही पडावं. प्लॅन एररने पडतो, पण पाइपच्या शेवटी असलेली टी कमांड व्यवस्थित चालते आणि शून्य, म्हणजे 'यशस्वी', परत करते. स्टेप हिरवी. कॉमेंटमध्ये एररचा मजकूर, चेक मात्र पास.

गिटहब ॲक्शन्समध्ये हे जास्तच फसवं आहे. स्टेपला शेल लिहिलंच नाही तर लिनक्सच्या रनरवर (जॉब चालवणाऱ्या मशीनवर) बॅश चालतं, पण पाइपफेलशिवाय, म्हणजे पाइपमधली आधीची कमांड पडली तरी स्टेप पडत नाही. 'शेल: बॅश' असं स्पष्ट लिहिलं की पाइपफेल लागू होतं. दोन शब्दांचा फरक आहे आणि वर्कफ्लोची फाइल वाचणाऱ्याला तो दिसतही नाही. वर्कफ्लोच्या वरच्या डिफॉल्ट्समध्येच 'शेल: बॅश' घालून टाका.

दुसरी गोष्ट डिटेल्ड-एक्झिटकोडची. हा फ्लॅग दिला की प्लॅन तीन उत्तरं देतो: 0 म्हणजे काही बदल नाही, 1 म्हणजे एरर, 2 म्हणजे बदल आहेत. कॉमेंट काय टाकायची हे ठरवायला ही माहिती फार उपयोगी पडते. पण बॅश '-ई'ने (शून्याखेरीज काही आलं की थांबायच्या सूचनेने) चालत असल्यामुळे 2 आल्याबरोबर स्टेप तिथेच मरते. कोड आधी एका व्हेरिएबलमध्ये पकडा, 1 असेल तर स्टेप पाडा, 0 आणि 2 पुढे जाऊ द्या. हॅशिकॉर्पची (टेराफॉर्म बनवणाऱ्या कंपनीची) सेटअप ॲक्शन वापरत असाल तर तिचा रॅपर बंद करा. तो तुमच्या आणि टेराफॉर्मच्या मध्ये उभा राहतो, एक्झिट कोड आणि आउटपुट त्याच्या हातून येतात, आणि जेसन वाचायची वेळ आली की त्याचा त्रास होतो.

इनपुट फॉल्स द्या, नाहीतर एखादा व्हेरिएबल राहिला की जॉब उत्तराची वाट बघत बसतो. रंग बंद ठेवा. इनिटला 'लॉकफाइल रीडओन्ली' द्या (ही प्रोव्हायडरच्या आवृत्त्यांची लॉकफाइल, वरची स्टेटची नव्हे) म्हणजे प्रोव्हायडरची आवृत्ती सीआयमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या जॉबमध्ये, गुपचूप बदलणार नाही. टीममध्ये कुणाकडे ॲपल सिलिकॉनचा मॅक असेल तर लॉकफाइलमध्ये लिनक्स आणि मॅक दोन्हींचे हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) 'प्रोव्हायडर्स लॉक' कमांडने आधीच भरून ठेवा. 'लॅपटॉपवर चालतं, सीआयमध्ये इनिट पडतं' या तक्रारीमागे बहुधा हेच निघतं. ॲमेझॉनचा प्रोव्हायडर शेकडो एमबीचा आहे, तो कॅश करा.

रिव्ह्यूअरला काय दिसायला हवं

समजा पीआरचं शीर्षक आहे 'डेटाबेस स्टोरेज एन्क्रिप्ट करणे'. डिफमध्ये एक ओळ: स्टोरेज-एन्क्रिप्टेड फॉल्सचं ट्रू. सोबत त्याच पीआरमध्ये सगळ्या रिसोर्सना एक नवा टॅग. डिफ वाचणारा आनंदाने होकार देईल, सुरक्षेचंच काम आहे. प्लॅन मात्र म्हणतो: 1 ॲड, 41 चेंज, 1 डिस्ट्रॉय. टॅगचे एक्केचाळीस बदल अनेक स्क्रीनभर पसरलेत आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी डेटाबेससमोर वजा-अधिकचं चिन्ह आणि त्या ओळीपुढे 'फोर्सेस रिप्लेसमेंट' एवढंच. चालू असलेल्या आरडीएस इन्स्टन्सचं स्टोरेज जागच्या जागी एन्क्रिप्ट होत नाही. टेराफॉर्म तो इन्स्टन्स पाडेल आणि नवा, रिकामा उभा करेल. योग्य रस्ता म्हणजे स्नॅपशॉट घ्यायचा, त्याची एन्क्रिप्टेड कॉपी करायची, त्या कॉपीवरून नवा इन्स्टन्स आणायचा आणि मग तो स्टेटमध्ये इम्पोर्ट करायचा.

कॉमेंटचं सगळं मोल अशा एका ओळीत असतं. संपूर्ण प्लॅन ओतणाऱ्या कॉमेंट पहिल्या आठवड्यात वाचल्या जातात, महिन्याभराने कुणी वाचत नाही. म्हणून कॉमेंट जेसनवरून बनवा. प्लॅन '-आउट'ने फाइलमध्ये घ्या, 'शो -जेसन'ने उघडा, आणि 'रिसोर्स_चेंजेस'मधल्या प्रत्येक नोंदीचं 'ॲक्शन्स' बघा. तिथे नो-ऑप, रीड, क्रिएट, अपडेट, डिलीट यांपैकी काही असतं. डिलीट आणि क्रिएट दोन्ही एकत्र दिसले, क्रम कुठलाही असो, तर ते रिप्लेस. कॉमेंटच्या अगदी वर, घडी न घालता, फक्त डिलीट आणि रिप्लेस होणाऱ्यांची यादी पूर्ण ॲड्रेससह. त्याखाली आकडे. त्याखाली घडीत मूळ प्लॅन. आणि ही जेसन फाइल रनरबाहेर जाऊ देऊ नका, गुपितं तिच्यात उघडी असतात.

गिटहबच्या कॉमेंटला 65,536 अक्षरांची मर्यादा आहे. मोठा प्लॅन तीत मावत नाही आणि तेव्हा कॉमेंटची स्टेपच पडते, नेमकी सगळ्यात मोठ्या बदलाच्या वेळी. तेवढा मोठा असेल तर मजकूर छाटा, छाटलाय हे ठळकपणे सांगा आणि जॉबच्या लॉगची लिंक द्या. वरची यादी मात्र कधीही छाटू नका.

दर पुशला नवी कॉमेंट टाकू नका. एका छुप्या खुणेवरून जुनी शोधून तीच बदला, आणि तिच्यात कमिटचा हॅश लिहा. नवा प्लॅन एररने पडला तरी कॉमेंट बदललीच पाहिजे, 'या कमिटचा प्लॅन झालेला नाही' असं लिहून. नाहीतर कालच्या कमिटचा स्वच्छ प्लॅन तिथे तसाच राहतो आणि रिव्ह्यूअर त्याला होकार देऊन बसतो.

मोनोरेपो (सगळा कोड एकाच रिपोत) असेल तर कुठल्या फोल्डरचा प्लॅन चालवायचा हा प्रश्न येतो. वर्कफ्लोच्या पातळीवर पाथ फिल्टर (ठरावीक फोल्डर बदललं तरच चालायची अट) लावून तोच चेक रिक्वायर्ड, म्हणजे मर्जसाठी सक्तीचा, केलात तर ज्या पीआरमध्ये टेराफॉर्मला हात लागलेला नाही तो कायमचा 'पेंडिंग'मध्ये अडकतो. वर्कफ्लो नेहमी सुरू होऊ द्या, काय बदललं ते पहिल्या जॉबमध्ये काढा, आणि शेवटी सगळ्यांचे निकाल तपासणारा एक जॉब ठेवून तोच रिक्वायर्ड करा. सामायिक मॉड्यूल बदललं तर ते वापरणाऱ्या सगळ्या फोल्डरांचा प्लॅन व्हायला हवा. फक्त बदललेल्या फाइलच्या फोल्डरकडे बघणारी तयार स्क्रिप्ट इथे कमी पडते.

पीआरवरचाच प्लॅन अप्लाय करायचा का?

पीआरवर बनलेली प्लॅनची फाइल जपून ठेवायची आणि मर्जनंतर तीच अप्लाय करायची, ही कल्पना सुचणं साहजिक आहे. माझं स्पष्ट मत: करू नका.

एक तर त्या फाइलमध्ये गुपितं उघडी असतात, आणि आर्टिफॅक्ट (गिटहबवर जॉबसोबत साठवलेली फाइल) म्हणून ठेवली तर रिपो वाचू शकणारा कुणीही ती उतरवू शकतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ती फाइल ज्या जॉबने बनवली, तो पीआर टाकणाऱ्याच्या ताब्यात होता. प्लॅनच्या फाइलमध्ये कॉन्फिगरेशनची प्रतही असते. ती तुम्ही अप्लायच्या रोलने चालवली, तर रिव्ह्यू न झालेला मजकूर पूर्ण अधिकारांनिशी चालवला असा त्याचा अर्थ होतो. दोन रोल वेगळे करून जे कमावलं ते इथे गेलं. शिवाय मधल्या काळात दुसरा पीआर अप्लाय झाला तर स्टेट पुढे सरकते आणि टेराफॉर्म 'सेव्ह्ड प्लॅन इज स्टेल' म्हणून ही फाइल नाकारतं. हे नाकारणं योग्यच आहे, पण गर्दीच्या दिवशी बहुतेक फाइल अशाच बाद होतील.

म्हणून मर्जनंतर मेन ब्रँचवर नवा प्लॅन करा, तो फाइलमध्ये घ्या, आणि अप्लाय त्याच फाइलवर चालवा. नुसतं 'अप्लाय -ऑटो-ॲप्रूव्ह' लिहू नका, कारण ते आतल्या आत आणखी एक प्लॅन करून लगेच लागू करतं आणि तो कुणी पाहिलेलाच नसतो. दोन जॉबमध्ये फाइल न्यायची असेल तर आर्टिफॅक्टऐवजी एन्क्रिप्टेड बकेटमध्ये ठेवा, एका दिवसात आपोआप पुसली जाईल अशी. दोन्ही जॉबमध्ये टेराफॉर्मची आवृत्ती तंतोतंत एकच हवी.

मग पीआरवर पाहिलेल्या प्लॅनचं काय? त्याची यादी ठेवा. जेसनमधून नो-ऑप आणि रीड गाळून प्रत्येक रिसोर्सचा ॲड्रेस आणि ॲक्शन एका ओळीवर काढा, सॉर्ट करा, आणि पीआरच्या क्रमांकाने बकेटमध्ये टाका. ही यादी लिहिण्यापुरता एक छोटा अधिकार प्लॅनच्या रोलला द्यावा लागतो. त्यासाठी वेगळी बकेट ठेवा, स्टेटची नको. कमिटच्या हॅशने ठेवू नका, स्क्वॉश मर्जमध्ये (सगळे कमिट एकात गुंडाळणाऱ्या मर्जमध्ये) हॅश बदलतो. मर्ज झालेल्या कमिटवरून पीआर शोधायला गिटहबच्या एपीआयमध्ये सोय आहे. मेनवरच्या नव्या प्लॅनचीही तशीच यादी काढा आणि दोन्हींची तुलना करा. जुळल्या आणि डिलीट-रिप्लेस नसेल तर पुढे जाऊ द्या. जुळल्या नाहीत किंवा काही पाडलं जाणार असेल तर थांबा, नवा प्लॅन दाखवा आणि माणसाचा होकार घ्या. या यादीत किमती नसतात, त्यामुळे एखाद्या अपडेटमधली किंमत बदललेली तिला कळणार नाही. आणि पीआरच्या जॉबने लिहिलेली यादी खोटीही असू शकते. हा मेळ घातपात अडवण्यासाठी नाही, तो चुका पकडण्यासाठी आहे, आणि त्या कामाला तो उत्तम आहे.

होकार घ्यायची गिटहबची स्वतःची सोय म्हणजे एन्व्हायर्नमेंटवरचे रिक्वायर्ड रिव्ह्यूअर. खासगी रिपोसाठी ती एंटरप्राइझ प्लॅनमध्येच मिळते. तुमच्याकडे तो नसेल तर डिलीट-रिप्लेस असलेला अप्लाय हाताने सुरू करायचा वेगळा वर्कफ्लो ठेवा. थोडं गैरसोयीचं आहे, पण डेटाबेस पाडण्याआधी तेवढी गैरसोय असावीच.

ब्रँच प्रोटेक्शनमध्ये 'मर्जपूर्वी ब्रँच अद्ययावत हवी' हे चालू करा. पीआरचा प्लॅन मर्ज कमिटवर होतो हे खरं, पण तो इव्हेंटच्या क्षणीच्या मेनशी केलेला मर्ज असतो. नंतर मेन पुढे गेला तर प्लॅन आपणहून पुन्हा चालत नाही. सहा जणांच्या टीमला एवढं पुरतं, मर्ज क्यूची (मर्ज एकामागून एक रांगेत लावणाऱ्या सोयीची) गरज नाही. अप्लायच्या जॉबला दर स्टेटमागे एक कन्करन्सी ग्रुप (एका वेळी एकच रन चालू देणारा गट) द्या आणि चालू रन रद्द करणं बंद ठेवा, कारण मध्येच मारलेला अप्लाय अर्धवट काम आणि अडकलेलं लॉक मागे ठेवून जाऊ शकतो. या ग्रुपमध्ये थांबलेला रन एकच राहतो, तिसरा आला की दुसरा रद्द होतो. मेनच्या टोकावर दोन्हींचे बदल असल्यामुळे काही हरवत नाही, फक्त यादी जुळणार नाही आणि माणसाला विचारलं जाईल. तेच हवं आहे.

प्लॅनला न दिसणाऱ्या गोष्टी

हिरवा प्लॅन म्हणजे यशस्वी अप्लाय असं टीममधल्या नव्या लोकांना वाटू देऊ नका. अप्लायच्या रोलला एखादा अधिकार कमी आहे, खात्याचा कोटा संपलाय, हव्या त्या झोनमध्ये तो इन्स्टन्स टाइप मिळत नाही, एसथ्री बकेटचं नाव जगात दुसऱ्या कुणी घेतलंय, यातलं काहीच प्लॅनला कळत नाही. म्हणूनच स्टेजिंग आधी अप्लाय होऊ द्या.

'नोन आफ्टर अप्लाय' ('अप्लायनंतरच कळेल') खूप दिसू लागलं तर दुर्लक्ष करू नका. मॉड्यूलवर 'डिपेंड्स-ऑन' लावलं आणि त्या मॉड्यूलच्या आत डेटा सोर्स असेल, तर ज्यावर अवलंबून आहे त्यात काहीही बदल आला की डेटा सोर्सचं वाचन अप्लायपर्यंत पुढे ढकललं जातं. त्याच्या किमतीवर टेकलेले रिसोर्स मग विनाकारण रिप्लेस होताना दिसतात. असे खोटे इशारे दर पीआरवर येऊ लागले की खरा इशाराही डोळ्यांआड जातो. काउंटने (क्रमांकाने) बनवलेल्या यादीतली पहिली नोंद काढली की मागच्या सगळ्या सरकतात, तेही यातलंच. फॉर-ईच (क्रमांकाऐवजी नाव) वापरा आणि जुने ॲड्रेस मूव्ह्ड ब्लॉकने हलवा.

प्लॅन वेगाने व्हावा म्हणून रिफ्रेश फॉल्स देण्याचा, म्हणजे खरी स्थिती नव्याने न वाचण्याचा, सल्ला सर्रास मिळतो. प्रॉडक्शनसाठी तो मानू नका. कुणी कन्सोलवरून (ॲमेझॉनच्या वेबपानावरून) हाताने केलेला बदल दाखवणारी हीच जागा आहे. प्लॅनला फार वेळ लागतोय तर स्टेट फोडायची वेळ आली आहे.

तयार साधनांबद्दल. ॲटलांटिस हे 2017 पासूनचं मुक्त साधन आहे. स्वतःच्या सर्व्हरवर चालतं, पीआरच्या कॉमेंटमधून प्लॅन आणि अप्लाय घेतं आणि अप्लाय मर्जच्या आधी करतं. दोन पीआर एकाच फोल्डरला हात लावत असतील तर ते स्वतः अडवतं, हे फार सोयीचं आहे. पण प्लॅन आणि अप्लायचे सगळे अधिकार एका सर्व्हरपाशी जमा होतात आणि तो सांभाळायला माणूस लागतो. सहा जणांत मी त्या वाटेला जाणार नाही. एचसीपी टेराफॉर्म ही हॅशिकॉर्पचीच सेवा पैसे घेऊन यातलं बरंचसं करतं. कॉमेंटसाठी टीएफसीएमटी चांगलं आहे, स्वतः स्क्रिप्ट लिहायची नसेल तर ते घ्या. कॉन्फटेस्टने त्याच जेसनवर नियम लावता येतात. सुरुवात एकाच नियमाने करा: डेटाबेस, बकेट आणि एन्क्रिप्शन की यांपैकी काही डिलीट होत असेल तर पीआरला खास लेबल असल्याशिवाय चेक पडावा.

बसवताना क्रम असा ठेवा. आधी स्टेजिंगवर, फक्त वाचणाऱ्या रोलने, कॉमेंटपुरतं. पहिल्या काही दिवसांत रोलला कमी पडणारे अधिकार एररमधून समजतील; ते एकेक करून द्या, वैतागून ॲडमिन जोडू नका. मग प्रॉडक्शनची कॉमेंट. मग स्टेजिंगचा अप्लाय मेनवरून. प्रॉडक्शनचा अप्लाय शेवटी. त्याच सुमाराला रोज रात्री चालणारा एक 'रिफ्रेश-ओन्ली' प्लॅन डिटेल्ड-एक्झिटकोडसह लावा. 2 आला की टीमच्या चॅनेलवर निरोप, म्हणजे कन्सोलवर झालेला बदल दुसऱ्याच कुणाच्या पीआरमध्ये अचानक उगवणार नाही.

हे सगळं नीट चालू लागल्यावर लोकांच्या वैयक्तिक खात्यांमधून प्रॉडक्शनचे लिहिण्याचे अधिकार काढून घ्या. ते राहिले तर शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी लॅपटॉपवरून अप्लाय करेलच. आणीबाणीसाठी वेगळा रोल ठेवा, तो घेतला की सगळ्यांना सूचना जाईल असा, आणि सीआय बंद असताना तो घेऊन अप्लाय कसा करायचा हे रिपोच्या रीडमीमध्ये लिहून एकदा सगळ्यांकडून करून घ्या.